सूचना : 'होबी १६' कॅटामरानची ओळख, येत्या रविवारी

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता खडकवासल्याला आपल्या धक्क्यावर 'होबी १६' ही रेसिंग कॅटामरान (दोन हल, म्हणजे दोन लांबट तळ, जोडलेली शिडाची बोट) दाखवणार आहोत. पुरेशा जोड्या तयार झाल्या तर याच मोसमात तिच्या वेगळ्या शर्यती सुरू करू. त्या सुरू व्हाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बोट दोघांची. लांबी सुमारे ५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन साधारण १४५ किलो. हलच्या आकारामुळेच तिला सेंटरबोर्ड (बोट वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळाखाली सोडायची फळी) लागत नाही. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरून काठ उथळ होतो, तेव्हा हे फार सोयीचं.

डिंगी (एका हलची छोटी बोट) चालवणाऱ्यांसाठी खास : ही झटकन वळत नाही. टॅक करताना (बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवताना) वेग टिकवून सुकाणू हळूहळू फिरवायचं आणि जिब (पुढचं छोटं शीड) सोडण्याची घाई करायची नाही. वारा जिबमध्ये उलट्या बाजूने भरून नाळ (बोटीचं पुढचं टोक) पलीकडे ढकलली गेली, की मगच सोडायचं. जोराच्या वाऱ्यात खालच्या बाजूच्या हलची नाळ पाण्यात घुसू लागली तर दोघांनीही लगेच मागे सरकायचं, नाहीतर बोट पुढे कोलांटी खाते. हे सगळं आधी जमिनीवर करून बघू.

लाइफ जॅकेट सक्तीचं, पोहता येणं आवश्यक. ट्रॅपीझ हार्नेस (बोटीबाहेर लटकून तोल सांभाळण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) असेल तर आणा. रविवारी सिंहगड रस्त्यावर गर्दी असते, लवकर निघा. नावं शुक्रवारपर्यंत कळवा, सोबत वजनही. जोड्या त्यावरून लावायच्या आहेत.