काउंटरपलीकडच्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. पण सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गल्लीत मेडिकलच्या काउंटरमागे जो उभा असतो तो ताई किंवा काका, त्याला तिसरी हाक नाही. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. वाचलंत की कळेलच.

हे आभार औषधांचे नाहीत. औषधं डॉक्टरांनी बरोबरच लिहून दिली होती आणि पैसे आम्ही मोजले होते. त्या दिवशी तुम्ही सासूबाईंना पाणी दिलं नाहीत, त्याचे हे आभार आहेत.

सासूबाईंनी पिशवीतून डबी काढली आणि म्हणाल्या, "घोटभर पाणी देतेस का गं, सकाळची कॅप्सूल राहिलीय." तुम्ही डबी फिरवून नाव वाचलंत. टायोट्रोपियम. "आजी, ही गिळता तुम्ही?" त्यावर त्यांचं उत्तर : "मग काय कपाळाला लावायची?"

हसू आलं होतं तुम्हाला, दाबलंत. मागे रांग होती, तरी स्टूल पुढे सरकवून त्यांना बसवलंत आणि सांगितलंत, की या कॅप्सूलमधली पूड थेट फुप्फुसात जायला हवी. गिळली तर पोटातून ती रक्तात जवळजवळ जातच नाही. म्हणजे औषध रोज पोटात जात होतं आणि धाप होती तिथेच. यंत्र घरी होतं, पण कपाटात खोक्यासकट. तुम्ही तुमच्याकडचं नमुन्याचं यंत्र काढून सगळं करवून घेतलंत. कॅप्सूल आत ठेवा, बूड फिरवा म्हणजे ती उघडेल. आधी श्वास पूर्ण सोडा, पण यंत्रात नाही, तोंडातल्या वाफेने पूड ओली होते. मग ओठ घट्ट मिटून एका दमात जोरात ओढा आणि दहा आकडे म्हणेपर्यंत थांबा. सासूबाई आकडे घाईघाईने म्हणत होत्या, तर तुम्ही त्यांना "विठ्ठल विठ्ठल" म्हणायला लावलंत, सावकाश, दहा वेळा. हे कुठल्या पुस्तकात शिकवतात कोण जाणे.

सासूबाईंचा आजार सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागते तो. त्याचं नाव काढलं की लोक विडी-सिगारेट विचारतात. सासूबाईंनी विडीला कधी हात लावला नाही. भोरकडच्या घरात उभा जन्म चुलीपुढे गेला. आपल्या पुण्याच्याच डॉ. संदीप साळवींनी २००९ मध्ये पीटर बार्न्स यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला, त्यात हाच धूर आहे. तरी नात्यातल्या बायका अजून कुजबुजतात, "तपकीर ओढायच्या का हो?" असो.

दुसरी गोष्ट तुम्ही विसरलाही असाल. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सासूबाईंना सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं होतं. तुम्ही पाकीट पुढे केलंत आणि परत मागे घेतलंत, कारण सासूबाई रोज रात्री धापेसाठी थिओफायलीनची गोळी घेतात हे तुमच्या लक्षात होतं. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे थिओफायलीन शरीरात साठत जातं. मळमळ, धडधड, हातांना कंप, फारच वाढलं तर झटकेसुद्धा. तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात आणि त्यांनी अँटिबायोटिक बदललं. गिऱ्हाईक तोंडासमोर उभं असताना हातातली विक्री थांबवणारं दुकान मी फारसं पाहिलेलं नाही.

आणि आमचा पाचवीतला चिरंजीव. त्याच्या दम्यासाठी दोन पंप आहेत, पण घरात चालायचा फक्त निळा, साल्ब्युटामॉलचा. दुसरा बुडेसोनाइडचा, म्हणजे स्टेरॉइड, म्हणून माझ्या नवऱ्याने तो लांब ठेवलेला. "सवय लागते," हा त्यांचा ठाम सिद्धांत. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. फक्त विचारलंत, "एका पंपात २०० फवारे असतात, इतक्यात दुसरा कसा लागला?" आणि सांगितलंत, की वर्षात निळ्याचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर दमा आटोक्यात नाही आणि मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. निळा पंप म्हणजे तुळशीबागेतली गर्दी शिट्टी मारून हटवणारा हवालदार, तो गेला की गर्दी परत तिथेच. श्वासनळ्यांची सूज उतरवायचं काम दुसऱ्याच पंपाचं, आणि ते रोज घेतलं तरच होतं.

मग कागदावर आकडे लिहिलेत. एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. अटॅक आला की पोटातून द्याव्या लागणाऱ्या प्रेडनिसोलोनचा डोस मात्र त्याच्या वजनाच्या मुलाला २५-३० मिलिग्रॅमवर जातो. उंचीचा प्रश्न नवऱ्याने विचारलाच. "काही होत नाही हो," असं म्हणून सुटता आलं असतं. तुम्ही म्हणालात, थोडा फरक पडू शकतो, साधारण सेंटिमीटरभर. पण दमा मोकाट राहिला तरी वाढ खुंटते. मला वाटतं, नवरा पटला तो त्या सेंटिमीटरमुळे. त्याला खरं सांगणारं माणूस लागतं.

आता घरात दोन तऱ्हा आहेत. नातू पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी, लावून सावकाश श्वास ओढतो, आजी यंत्रातून जोरात. फवारा झाला की नातू गुळण्या करतो, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात, हे तो आजीला रोज ऐकवतो. आजीची कॅप्सूल नातवाला नाही आणि नातवाचा पंप आजीला नाही, ही तुमची ताकीद फ्रिजवर चिकटवली आहे. सासूबाई बऱ्या झालेल्या नाहीत, सीओपीडी जात नाही हे आम्हाला माहीत आहे. पण मधे न थांबता जिना चढतात, आणि वर पोचून आम्हाला दोन गोष्टी सुनावण्याइतका दम उरतो.

तर ताई, मनापासून धन्यवाद. आणि एक काम आहे. पुढच्या आठवड्यात सासूबाईंची धाकटी बहीण भोरहून येतेय. तिच्याकडेही अशीच डबी आहे, आणि फोनवर विचारलं तर म्हणाली, "घेते की रोज, दुधाबरोबर." दुपारी गर्दी नसताना घेऊन येते. चालेल ना?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची वहिनी