गाठ आधी सुईला दाखव

सातारा

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

बंड्याच्या बरगडीवरच्या गाठीचे तुझे सगळे फोटो मिळाले. मोठे करकरून पाहिले, तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू दुसऱ्याच वाक्याला धीर सोडला असतास, म्हणून सविस्तर लिहितो.

‘साधी चरबीचीच आहे ना?’ असं तू विचारतोस. असेलही. नऊ वर्षांचा लॅब्राडोर, अंगाने भरलेला (वहिनी पोळीला तूप लावून घालतात हे मला माहीत आहे), बरगड्यांवर मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ. परीक्षेत असं वर्णन आलं तर विद्यार्थी लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, असं लिहून मोकळा होईल आणि बहुतेक वेळा त्याला मार्कही मिळतील. पण अगदी हेच रूप घेऊन मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे मास्ट नावाच्या पेशींचा कॅन्सरसुद्धा येतो. कुत्र्यांच्या कातडीतल्या घातक गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळणारी गाठ ती हीच, आणि तिचं सोंग इतकं बेमालूम असतं की नुसतं चाचपून ‘चरबी आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवत नाही, मग त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो. बोटांच्या टोकांना पेशी दिसत नाहीत.

सुईने दिसतात. आम्ही एफएनए म्हणतो तो प्रकार म्हणजे इंजेक्शनची साधी सुई गाठीत घालायची, आत आलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. भूल लागत नाही. बंड्याला लशीइतकाच त्रास होईल, आणि लशीच्या वेळी तो काय नाटकं करतो ते तुला ठाऊक आहे. चरबी असली तर काचेवर तेलकट थेंब दिसतात, पट्टी लवकर वाळतच नाही. मास्ट सेल असल्या तर जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या गोल पेशी दिसतात. कधीकधी पुरेसं काही हाती लागत नाही, मग गाठीचा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ असं तुझ्या शेजाऱ्याने सांगितलं म्हणतोस. कातडीवरच्या गाठीबाबत त्या भीतीपायी तपासणी टाळणं हाच मोठा धोका आहे.

तू लिहितोस, ‘काढायचीच असेल तर थेट काढून टाकू, तपासणीचा खर्च कशाला?’ माझं भांडण नेमकं इथे आहे. लायपोमा असेल तर ती बहुधा काढायचीही गरज नसते. चालताना पायाला घासली किंवा फार वाढली तरच काढायची. मास्ट सेल असेल तर नुसती गाठ काढून भागत नाही, सभोवतालची दोन-तीन सेंटिमीटर निरोगी दिसणारी कातडी आणि खालचा पडदाही काढावा लागतो. हे आधी माहीत नसताना सुरी चालवली तर कडेला पेशी राहतात, गाठ परत येते आणि दुसऱ्या वेळी शिवायला कातडी पुरत नाही. पहिलं ऑपरेशन हीच सर्वांत चांगली संधी असते. आणि काढलेली गाठ कितीही निरुपद्रवी दिसो, ती फॉर्मॅलिनमध्ये घालून लॅबला गेलीच पाहिजे. तेवढं तू स्वतः विचारून घे. तो तुकडा कचऱ्यात गेला तर पुढे कुणालाच काही सांगता येत नाही.

तोवर गाठ दाबत बसू नकोस. मास्ट सेलमध्ये ॲलर्जीत सूज आणणारं हिस्टामिन भरलेलं असतं. चोळलं की ती लाल होते, फुगते, मग आपोआप उतरतेही. सकाळी लहान, संध्याकाळी मोठी अशी गाठ कुणी सांगितली की माझे कान टवकारतात. त्याच हिस्टामिनमुळे पोटात आम्ल वाढतं, अल्सर होतो. गाठीसोबत उलट्या किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्टेरॉइडची गोळी किंवा मलमही सुरू करू नकोस. गाठ तात्पुरती लहान होते आणि तपासणी फसते. चुना लावणं, घोड्याचा केस बांधून चामखीळ पाडणं हे तर बोलायलाच नको.

प्रत्येक उंचवट्याला घाबरायचं कारण नाही, हेही खरं. म्हाताऱ्या कुत्र्यांना फुलकोबीसारखे मस्से येतात, कुत्रं ते खाजवून रक्त काढत नसेल तर राहू दे. पिल्लांच्या ओठांवर, हिरड्यांवर विषाणूमुळे मस्से येतात, ते काही महिन्यांत आपोआप गळतात. तुझ्याकडे शहाबादी फरशी आहे, त्यामुळे बंड्याच्या कोपरावर कधी पाण्याची गाठ आली तर आधी जाड गादी घाल. तरुण कुत्र्याच्या कानावर किंवा पायावर लालभडक बटणासारखी गाठ बहुधा हिस्टिओसायटोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते आणि दोन-तीन महिन्यांत जिरते. तरीही सुई लावून खात्री केलेली बरी. आणि हो, नर कुत्र्यालाही सड असतात, हे बऱ्याच जणांना गोचीड समजून ते ओढताना कळतं!

माझा हिशेब असा: वाटाण्याहून मोठी किंवा महिनाभर टिकलेली कुठलीही गाठ सुईला दाखवायची. भराभर वाढणारी, खालच्या मांसाला चिकटलेली, फुटून न भरणारी, तोंडातली, नखाच्या मुळाशी आलेली असली तर महिनाही थांबायचं नाही. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना एकाच वेळी गाठी लागल्या तर त्या लसीकाग्रंथी असतात, तिथे लिम्फोमाची, म्हणजे त्या ग्रंथींच्या कॅन्सरची शंका घ्यायची. ‘दुखत नाही म्हणजे चांगली’ हा तुझा दिलासा मात्र मनातून काढून टाक. गळू दुखतं, कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

वाईहून शिरवळ लांब नाही. तिथल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल, किंवा सरळ इकडे ये, मी स्वतः बघतो. येण्याआधी गाठ पट्टीने मोज आणि कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत लिहून ठेव, म्हणजे वाढते की नाही हे आठवणीवर सोडावं लागणार नाही. सुईसाठी उपाशी ठेवायचं कारण नाही. अंगावर दुसरीकडे कुठे काही लागतंय का, तेही शेपटीपर्यंत हात फिरवून बघ.

वहिनींना नमस्कार. तूप बंद केलं नाहीत तरी निदान अर्धं करा.

तुझा,
विनायक

ता. क. — फाटकाशी बसणाऱ्या ज्या कुत्रीला तू भाकरी घालतोस, ती ‘महिना झाला तरी अजून माजावरच आहे’ असं लिहिलंस. इतके दिवस रक्त टपकत असेल तर तो बहुधा माज नव्हे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत टीव्हीटी नावाचा, असंच रक्त टपकवणारा कॅन्सर सर्रास असतो. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून तो एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातो, म्हणजे जिवंत कॅन्सर पेशीच नव्या अंगात रुजतात. ऐकायला भयंकर, पण बरा होण्यात हा फार गुणी. व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची आठवड्याला एक अशी चार-सहा इंजेक्शनं शिरेतून दिली की बहुतेक वेळा पूर्ण जातो. तिला पकडायला गावात कुणी मदतीला असेल तर बघ. सडांभोवती गाठी आहेत का तेही चाचपून घे. नसबंदी न झालेल्या मादीत तिथल्या साधारण निम्म्या गाठी घातक निघतात. बंड्याला तोवर तिच्याजवळ सोडू नकोस.