गाड्यांची तुलना छापताना क्रम बदला

संपादक महोदय,

आपल्या वृत्तपत्राच्या वाहनविषयक पानावर दोन कॉम्पॅक्ट सेडानची (मागे वेगळी डिकी असलेल्या लहान मोटारींची) शेजारी शेजारी मांडलेली तुलना येते, ती मी नेहमी वाचते. नवी गाडी घ्यायचं ठरवलेली मंडळी असा तक्ता कापून ठेवतात आणि शोरूममध्ये सोबत नेतात. म्हणूनच त्याच्या मांडणीबद्दल लिहिते आहे. टचस्क्रीन किती इंचाची, सनरूफ आहे का, स्पीकर किती, या ओळी सगळ्यात वर असतात. ब्रेक, टायर, मागच्या सीटची मोजमापं तळाशी जातात, कधी येतच नाहीत.

हा क्रम उलटा करावा, एवढीच माझी विनंती आहे. स्पीकर, कॅमेरा, सीट कव्हर पुढे केव्हाही बसवून घेता येतात. गाडीचा सांगाडा, एअरबॅग, सीटची ठेवण, डिकीचं तोंड मात्र गाडी विकेपर्यंत तसंच राहतं. तुलना आधी याची व्हायला हवी.

सुरक्षेच्या रकान्यात तुम्ही तारे छापता, पण ते कोणत्या वर्षीच्या चाचणीचे हे छापत नाही. फियाट पुंटोच्या ज्या पिढीला २००५ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपीय संस्थेने पाच तारे दिले, तीच गाडी २०१७ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नाही. गाडी मूळची तीच होती, दरम्यान चाचणीचे निकष कितीतरी कडक झाले होते. म्हणजे जुन्या चाचणीतले पाच आणि नव्या चाचणीतले चार तारे शेजारी छापले, तर वाचक हमखास चुकीच्या गाडीकडे वळू शकतो. चाचणी कोणत्या संस्थेची, कोणत्या वर्षाची आणि तपासलेल्या गाडीत एअरबॅग किती होत्या, हे ताऱ्यांच्या शेजारीच हवं. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलला तर स्वतंत्र ओळ द्यावी. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावून तिला रेषेवर आणते. युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. जिथे सक्ती नाही तिथे खालच्या व्हेरिएंटमधून, म्हणजे त्याच गाडीच्या स्वस्त आवृत्तीतून, ती गाळली जाऊ शकते, आणि नंतर ती बसवून घेता येत नाही.

मायलेजचे आकडेही असेच नुसते छापले जातात. ते कोणत्या चाचणीतले आहेत यावर सगळं अवलंबून असतं. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी सुमारे ११ किलोमीटरची आणि सरासरी ताशी ३४ किलोमीटर वेगाची होती. तिच्या जागी आलेली डब्ल्यूएलटीपी २३ किलोमीटरची, अधिक वेगाची आणि वेगात अधिक चढउतार असलेली आहे. जुन्या पद्धतीत गाडीचं मायलेज जास्त दिसतं. शिवाय लिटरला किती किलोमीटर, या हिशेबाने फरक नीट कळतच नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी १० ऐवजी १२ चं मायलेज देऊ लागली, तर २०० लिटर इंधन वाचतं. तोच २ चा फरक १८ आणि २० मध्ये असेल, तर वाचतात जेमतेम ६७ लिटर. कॉम्पॅक्ट सेडान बहुधा या दुसऱ्या टोकाला असतात. तेव्हा लिटरमागे एक-दोन किलोमीटर जास्त मिळतात म्हणून आखडलेली मागची सीट पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिकीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सेडान घेणारे बरेचसे डिकीसाठीच सेडान घेतात. तुम्ही लिटर छापता. अनेक कंपन्या हे लिटर २०० × १०० × ५० मिलिमीटरच्या ठोकळ्यांनी मोजतात. असा एक ठोकळा म्हणजे एक लिटर. ठोकळे कोपऱ्याकोपऱ्यांत बसतात, बॅगा बसत नाहीत. हॅचबॅकचं मागचं दार काचेसकट उचललं जातं, सेडानची काच जागेवरच राहते, त्यामुळे डिकी कितीही खोल असली तरी तिचं तोंड अरुंद असू शकतं. काही गाड्यांत झाकणाचे वाकडे दांडे झाकण लावताना आत उतरतात आणि खालच्या सामानावर टेकतात. तोंडाची रुंदी, उंबऱ्याची जमिनीपासूनची उंची आणि मागच्या सीटची पाठ दुमडते की नाही, एवढं सांगितलंत तर लिटरच्या आकड्याला काही अर्थ येईल. माझ्या भाचीने दोन गाड्यांमधून निवड करताना घरातली सगळ्यात मोठी बॅगच सोबत नेली. कागदावर जिची डिकी मोठी होती, तिच्यात ती आडवी जाईना.

टायरचंही एक सांगायला हवं. एकाच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर १५ आणि वरच्याला १९५/५५ आर १६ टायर असतील (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास इंचांत), तर दोन्हींचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच भरतो, पण रबराची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. खड्ड्यातला धक्का आधी हीच भिंत झेलते. टेस्ट ड्राइव्हला टॉप मॉडेल मिळालं आणि घेतलं मधलं, तर अनुभवलेली गाडी आणि घरी आलेली गाडी चालीला सारखी नसणार. तुमचा वार्ताहर कोणतं व्हेरिएंट चालवून आला, हे प्रत्येक तुलनेत लिहावं.

गिअरबॉक्सविषयी तुमच्याकडे चांगलं लिहून येतं, त्यात सुचवण्यासारखं काही नाही.

शेवटची विनंती मागच्या सीटबद्दल. सेडानचं छत मागे उतरतं आणि उंच माणसाचं डोकं तिथेच टेकतं. सीट फार खाली बसवलेली असेल तर गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार उरत नाही. वयस्कर माणसाला उतरताना कशाचा आधार घ्यावा हेच समजत नाही. आपल्या लेखांत स्टिअरिंगवरून गाडी कशी वाटते याचं वर्णन भरभरून असतं. पुढच्या तुलनेत वार्ताहराने पुढची सीट स्वतःच्या उंचीनुसार लावावी, तिच्याच मागे निदान तासभर बसून प्रवास करावा आणि दोन्ही गाड्यांमध्ये काय जाणवलं ते लिहावं.

– आपली एक वाचक