गल्लीचा स्नेहमेळावा : वर्गणीआधी माणसे हवीत

सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

आपल्या गल्लीचा स्नेहमेळावा रस्त्यावरच, दुपारी ४ ते रात्री ९ या वेळेत भरवायचे समितीने ठरवले आहे. सभागृह भाड्याने घ्यावे अशीही सूचना आली होती, पण ती आम्ही मुद्दाम बाजूला ठेवली. सभागृहात यायचे ठरवलेले लोकच येतात. दारासमोर खुर्च्या मांडल्या की एरवी घराबाहेर न पडणारे आजोबाही खाली उतरतात, आणि नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला ओळखीसाठी कुणाचे दार वाजवावे लागत नाही.

पॅरिसमध्ये १९९९ साली अतानाझ पेरिफाँ यांनी ‘शेजाऱ्यांचा दिवस’ सुरू केला. एक वृद्ध बाई आपल्या घरात मरण पावल्या आणि बराच काळ शेजारी कुणाला कळलेच नाही, ही त्यामागची घटना. आपल्याकडेही समोरच्या घरातल्या माणसाचे नाव माहीत नसलेले बरेच जण आहेत. या मेळाव्याचा खटाटोप त्यासाठीच.

सर्वात जास्त माणसे लागणार आहेत ती रस्त्याच्या दोन टोकांना. तिथले अडथळे एकट्या माणसाला उचलून बाजूला करता येतील इतकेच जड असतील. गाडी आडवी लावून रस्ता अडवणे समितीला मान्य नाही, कारण ऐनवेळी तिची चावी कुणाकडे हे शोधत बसावे लागते. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी आली, तर ती न थांबता आत गेली पाहिजे. म्हणून मांडव, टेबले, खुर्च्या सगळे रस्त्याच्या एकाच कडेला लागेल आणि दुसरी कडा शेवटपर्यंत मोकळी राहील. प्रत्येक टोकाला एका वेळी दोघे जण, दर तासाला नवी जोडी, म्हणजे एकूण २० जण लागतील. त्या दिवशी गाडी बाहेर काढावी लागणार असेल, तर ती आधीच बंद पट्ट्याच्या पलीकडे लावून ठेवा.

प्रत्येक घराने एक पदार्थ आणावा. भांड्यासमोर चिठ्ठी हवी : आत काय आहे, आणि विशेषतः शेंगदाणे, दूध, अंडी किंवा गहू आहे का. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला दर पदार्थापाशी विचारत फिरावे लागू नये. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि कडक उन्हात एका तासाहून जास्त नाही. तेव्हा अर्धे घरी फ्रीजमध्येच राहू द्या, संपेल तसे आणता येईल.

विजेसाठी जवळच्या दोन-तीन घरांनी जोडणी द्यावी अशी विनंती आहे. रिळावरची वायर पूर्ण उलगडूनच वापरू. गुंडाळलेली वायर तापते. जनरेटर शक्यतो नकोच. आणावाच लागला, तर दारे-खिडक्यांपासून लांब, उघड्यावर ठेवू, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घडीची टेबले, खुर्च्या, पाण्याचे पिंप, दिव्यांच्या माळा यांतले जे असेल ते एका दिवसासाठी द्या. प्रत्येक वस्तूवर घर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे ती आपापल्या घरी परत जाईल. रोख वर्गणी लागणार आहे ती उसने मिळत नाही अशा गोष्टींसाठी : मांडव, फिरती स्वच्छतागृहे, ध्वनिक्षेपक. रक्कम ठरवलेली नाही, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि आठवड्याच्या आत सगळा हिशेब सूचना फलकावर लागेल. वर्गणी देणे जमत नसेल, तरी आग्रहाचे आमंत्रण तितकेच आहे.

घरात आजारी माणूस, तान्हे बाळ किंवा रात्रपाळीचे कुणी असेल, तर आधी सांगा. ध्वनिक्षेपकाचे तोंड त्या घराकडे असणार नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी पदपथाच्या कडेला लाकडी उतार करायचा आहे. सुतारकाम येणाऱ्या कुणी पुढे यावे.

रस्ता बंद ठेवण्याच्या अर्जाला नकाशा, वेळ आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घराची सही जोडायची आहे. सह्यांसाठी समितीचे सदस्य शनिवारी संध्याकाळी दारोदार येतील. कुणाची हरकत असेल तर तीही तेव्हाच मोकळेपणाने सांगावी. कामासाठी नावे रविवारी दुपारपर्यंत द्या. अर्ज सोमवारी सकाळी दाखल होईल.

आपली,
रहिवासी समिती