मनू, फोनवर राहून गेलेलं

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. परवा फोन तू आपटलास की आपोआप कट झाला माहीत नाही, आई म्हणते नेटवर्क, मीपण नेटवर्कच धरून चाललोय.

तुझं म्हणणं, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करतेय तो आकडा, १३ वर आलाय तर फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातात शीर आणि धमनी जोडतात तो) करा, डायलिसिस लगेच सुरू करा, पैशाचं मी बघते. पैशाचं नाहीये ग ते. डॉक्टर म्हणाले नुसत्या आकड्यावर सुरू करत नाहीत, उलट्या, सूज, दम, पोटॅशियम हाताबाहेर जाणं असलं काही व्हायला लागलं की करतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधे मोठा अभ्यास झालाय, २०१० ला छापून आला, आकडा बघून लवकर सुरू केलेले आणि त्रास होईपर्यंत थांबलेले, जगण्यात दोघांत फरक दिसला नाही. आणि हा आकडा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात, ते स्नायूंतून तयार होतं, माझ्यासारखे हातपाय वाळले की रिपोर्ट खऱ्यापेक्षा बरा दिसतो, म्हणून स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट लिहून दिलीये.

यावेळी त्यांनी फाईल बाजूला ठेवून मलाच तपासलं. नेहमीच्या चालीने चार मीटर चालायला लावलं, पाच सेकंदांत व्हायला हवं म्हणे, मला जास्त लागले. मग हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं, चौथ्या वेळी मी खुर्चीचा हात धरला. मग मुठीत दाबायचं यंत्र दिलं. नोट प्रेसमधे कागदाचे गठ्ठे उचलणारा हात हा, लावला सगळा जोर, ती पोरगी काटा बघून म्हणाली, "काका, आता उजव्या हाताने करू." उजवाच होता तो.

तुझी ट्रंक आठवते का, सीओईपीच्या होस्टेलला? पुस्तकांनी ठासून भरलेली, तू म्हणत होतीस बाबा मी एक बाजू धरते आणि मी ऐकलं नाही, एकट्याने वर नेली. खालचा वॉचमन बघत होता. मला तर ट्रंकेपेक्षा पोरगी इंजिनिअरिंगला लागली हेच त्याला दाखवायचं होतं.

असो. झोपवून बीपी घेतलं, उभं करून परत घेतलं, उभं राहिल्यावर बरंच उतरतंय, रात्री लघवीला उठल्यावर भोवळ यायची ती त्यामुळेच, एक गोळी कमी केलीये. मग घरचं विचारलं, बाजार कोण करतं, बँकेचं कोण बघतं, गोळ्या कोण काढून देतं. मी म्हटलं सगळं मीच, तर मागून तुझी आई, "गोळ्या मी काढते, सिलेंडर मी सरकवते, बँकेत पण मीच जाते." माणूस किती अशक्त, परावलंबी झालाय ते १ ते ९ असं मोजतात, आकडा जास्त तितकं वाईट, मला ५ दिले. म्हणजे अंघोळ, जेवण आपलं आपण, पण जड कामं, पैशाचे व्यवहार, औषधं याला दुसरा माणूस लागतो.

तो दुसरा माणूस गुडघे धरून जिना चढतो मनू. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, वर जाणं-येणं, आणि येताना मी गळालेला असणार. माझ्या किडनीचं मोजमाप झालं, तिच्या गुडघ्यांचं कोण करतंय?

खाण्याचंही बोलले. कोणी सांगितलं म्हणून मी डाळ, पनीर सगळंच तोडलं होतं, पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली तरी पॅन्ट सरकतेय. एवढं वजन उतरल्यावर प्रथिनं इतकी तोडू नका म्हणाले, आहारवाल्या मॅडमकडे पाठवलंय. तू मात्र डोकं दुखलं की सारख्या पेनकिलर घेतेस ते बंद कर, किडनीला वाईट असतात, आणि बीपी तपासून घे, चाळिशी आली, कामाचं कारण सांगू नकोस, जाग्रणं करतेस, जेवत नाहीस... झालं सुरू माझं. सॉरी बेटा. पण बीपी तपास.

मी नाहीच म्हणून बसलो नाहीये. फिस्टुला तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून डाव्या हाताचं रक्त काढू देत नाही हल्ली. डायलिसिस न करता औषधांवर त्रास आटोक्यात ठेवायचा असाही रस्ता असतो, तोही नीट ऐकायचाय. डायलिसिसने माझं चालणं सुधारेल की आहे तेही जाईल, हे पुढच्या भेटीत तू समोर बसून विचार. मला भीती वाटते, माझ्याच्याने विचारवत नाही, आणि आई विचारणार नाही.

शनिवारची वेळ मिळतेय का बघतो. तिचा एक्सरे त्याच दिवशी उरकून घेऊ, माझं ऐकत नाही, तू सांग. आणि येतेस हे तिला आदल्या रात्रीच कळव, आधी नको, नाहीतर दोन दिवस ओट्यापाशी उभी राहील ती.

तुझा,
बाबा