शनिवार-रविवारची मुंबई : यादीबरोबर वार आणि वेळही छापा

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘दोन दिवसांत मुंबई’ थाटाचे लेख येऊ लागतात. गेटवे, घारापुरी (एलिफंटा), हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू अशी नावे एकाखाली एक असतात आणि शेवटी खाण्याची दहा-बारा ठिकाणे. कोणत्या वारी काय बंद, शेवटची बोट कधी, रविवारी कोणत्या मार्गावर मेगाब्लॉक (देखभालीसाठी काही तास गाड्या बंद ठेवणे किंवा वळवणे), याचा त्यात पत्ता नसतो. सोलापूर, जळगाव, कोल्हापूरहून पोराबाळांसह आलेल्या कुटुंबाची सुट्टी नेमकी याच गोष्टींपायी मातीमोल होते.

आधी मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर तो बहुतेक रविवारी साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ असतो. मुख्य मार्गावर जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या, तर दहा-पंधरा मिनिटांचा उशीर आणि जास्तीची गर्दी एवढ्यावर भागते. हार्बरवर मात्र त्या टप्प्यातल्या गाड्या चक्क रद्द होतात. नातेवाईक वाशी, खारघर किंवा पनवेलला राहत असतील, तर रविवारी निवांत जेवून दुपारी दक्षिण मुंबईकडे निघायचा बेत धरूच नये. पश्चिम रेल्वेचा ब्लॉक दर रविवारी नसतो, पण असला की त्याच सुमारास असतो. शिवाय रविवारी लोकलच्या फेऱ्याच कमी असतात. म्हणून दक्षिण मुंबई शनिवारी उरकावी आणि रविवार मुक्कामाजवळच्या भागासाठी ठेवावा.

घारापुरीला जायचे तर शनिवारी सकाळीच. गेटवेहून बोटी नऊच्या सुमारास सुरू होतात, दुपारी दोनच्या आसपास जाणारी शेवटची बोट सुटते. एका वेळचा प्रवास तासाभराचा. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने आणि अधूनमधून माकडे. हातात खाऊची पिशवी उघडी ठेवू नये. दुपारच्या बोटीने जाणाऱ्याला लेणी घाईत पाहावी लागतात, तीही गर्दीत. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा जोडून सुट्टी आली तर सोमवारवर विसंबू नये. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या बोटीला झालेल्या दुर्घटनेनंतर बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचे झाले आहे. उकडते म्हणून ते काढून मांडीवर घेऊन बसणाऱ्यांना शेजारच्यांनी टोकावे, मुलांना तर आधी घालावे.

लेण्यात बहुतेक लोक थेट सदाशिवाच्या तीन मुखांसमोर जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. शिल्प आहेच तसे. साडेपाच-सहा मीटर उंच, मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल. पण त्याच्या समोर उभे राहिल्यावर डाव्या हाताला अर्धनारीश्वर आणि उजव्या हाताला गंगाधर शिव आहे. ही तिन्ही शिल्पे एकत्र पाहिल्याशिवाय त्या भिंतीची कल्पना येत नाही. उत्तरेकडच्या दारातून आत शिरतानाच उजवीकडे नटराज आहे. तो भग्न आहे म्हणून लोक ओलांडून जातात. कमरेपासून वर वळलेला देह मात्र अजून स्पष्ट दिसतो. शक्य तर पश्चिमेकडच्या चार दारांच्या गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालावी आणि द्वारपाल पाहावेत. सगळे नीट पाहायला दीड तास लागतो.

परत आल्यावर भर उन्हात फोर्टमध्ये वणवण करू नये. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावे. तिथली सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपाची मातीची शिल्पे, लघुचित्रे आणि प्राचीन असिरियाच्या (आजच्या इराकमधल्या) राजवाड्यातले शिलापट, एवढ्यालाच दोन तास हवेत. ही इमारत आणि गेटवे दोन्ही वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या. एका दिवसात दोन्ही पाहिल्या की शैलीतले साम्य लक्षात येते. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. त्या सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवाव्यात, तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचे तिकीट मागतात. घरूनच छोटे कुलूप आणावे.

साडेचारनंतर ओव्हल मैदान. त्याच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, तर पश्चिमेला आर्ट डेको (विसाव्या शतकातली एक वास्तुशैली) इमारतींची रांग. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा यादीत घेतल्या. पूर्वेकडच्या गॉथिक इमारतींची तोंडे पश्चिमेकडे असल्याने उतरते ऊन थेट त्यांच्या दगडावर पडते. सकाळी गेलात तर टॉवर सावलीत आणि फोटो काळे. आर्ट डेकोचे उलटे, त्यांना सकाळ लागते. सीएसएमटीचा दर्शनी भागही पश्चिमेकडेच आहे, म्हणून ओव्हलवरून हुतात्मा चौकमार्गे चालत तिथे यावे आणि दिवे लागेपर्यंत थांबावे. फाटकाच्या खांबांवरचा सिंह आणि वाघ मुलांना आवर्जून दाखवावेत.

आता खाणे. इथे याद्यांनी जास्तच घोटाळा केला आहे. फोर्टातल्या गाड्या आणि खाऊगल्ल्या कचेऱ्यांच्या जिवावर चालतात. रविवारी कचेऱ्या बंद, तेव्हा बऱ्याच गाड्याही लागत नाहीत. धोबी तलावाच्या कयानीसारख्या इराणी हॉटेलात जायचे ते सकाळी, पाव ताजा असताना. ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) चहात बुडवूनच खावा. कोरडा चावत बसलात तर टाळू सोलते. दादरला साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, पियुष यांसाठी शनिवार-रविवारी नऊनंतर रांगा लागतात, साडेआठच्या आत पोहोचावे. साबुदाणा वडा सगळ्यांसाठी एकदम मागवू नये. कढईतून आला की लगेच खायचा पदार्थ आहे, पाच-सात मिनिटांत तो चिवट होतो. दोन-दोन मागवावेत.

मालवणी खानावळीचे गणित वाराशी बांधलेले आहे. बऱ्याच मराठी घरांत शनिवारी मासे-मटण नसते आणि रविवारी असतेच. त्यामुळे शनिवारी दुपारी सहज टेबल मिळते आणि रविवारी एक ते तीन दारात ताटकळावे लागते. रविवारीच जायचे तर बारा वाजता, खानावळ उघडता उघडता. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत पापलेट-सुरमई बर्फातली किंवा बाहेरगावची निघण्याचा संभव जास्त, तेव्हा मालकाला विचारून मागवावे. बोंबील ओला असतो. वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय रवा लावून तळला, तर वरून कुरकुरीत आणि आत लगदा होतो. ताटात आलेला बोंबील चपटा आणि कोरडा दिसला पाहिजे. श्रावणात बेत आखणार असाल, तर अशा खानावळी सुरू आहेत का ते फोनवर विचारावे.

रविवार मुक्कामाजवळ म्हणजे काय? बोरिवली-दहिसरला उतरलेल्यांनी जुहू-वांद्रे सोडून कान्हेरी पाहावी. लेणी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून सुमारे सहा किलोमीटर आत आहेत, चालत जाण्याचा हट्ट नको. तीन क्रमांकाचे चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) सगळे पाहतात, पण खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि ती भरणारे पन्हळ पाहण्यासाठी वर चढायला हवे. दक्षिणेत राहणाऱ्यांनी हाजी अलीचा बेत भरतीची वेळ पाहून करावा. मोठ्या भरतीत वाट पाण्याखाली जाते. रिक्षा वांद्रे आणि शीव (सायन) यांच्या दक्षिणेला चालत नाहीत, हेही बाहेरगावच्यांना ठाऊक नसते. दक्षिणेत टॅक्सी, बस किंवा २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावणारी भुयारी मेट्रो.

आपल्याला विनंती एवढीच, की सुट्टीच्या पानावर एक छोटी चौकट द्यावी : रविवारचे ब्लॉक मार्ग आणि वेळांसह, भरतीची वेळ, सोमवारी काय बंद आणि बोटी सुरू आहेत का. ब्लॉकची बातमी आपण छापताच, पण ती बहुधा शनिवारी, आतल्या पानावर. बाहेरगावची मंडळी शुक्रवारी रात्रीच गाडीत बसलेली असतात. ही चौकट शुक्रवारच्या अंकात, जिल्हा आवृत्त्यांतही यावी.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई