बंड्या, नुसतं 'बरं चाललंय' पुरत नाही

सांगली

प्रिय बंड्या,

फोनवर तू 'बरं चाललंय रे' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र. ते मध्येच तोडता येत नाही.

वहिनी गेल्यावर तू मुलाकडे पुण्याला गेलास, ते योग्यच झालं. पण परवा सूनबाई सांगत होती, बाबा दिवसभर खोलीतच असतात, पेपरची घडीसुद्धा मोडत नाहीत, रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.

दुकान बंद करावं लागलं तेव्हा मीही असाच भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. येणारा जाणारा शिकवून जायचा. योगा करा, चांगले विचार करा, हेही दिवस जातील. तू तेवढा काही बोलायचा नाहीस. चहा प्यायचास आणि म्हणायचास, "मंडईत चल, मला वांगी कळत नाहीत." शुद्ध थाप! अख्ख्या सांगलीत तुझ्याइतकी वांगी पारखणारा माणूस नसेल. मला कुठं जावंसं वाटायचं नाही, पण तुझ्याशी वाद घालायचं त्राणही नव्हतं, म्हणून पायात चपला सरकवायचो. येताना मात्र भाव महाग की स्वस्त यावर माझीच बडबड चालू असायची.

या तुझ्या आगाऊपणाला शास्त्राचा आधार आहे म्हणे. गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी साधीच माणसं शिकवून तयार केली. डॉक्टर नव्हेत. सहा ते आठ भेटी. सगळा भर एकाच गोष्टीवर, की मन लागण्याची वाट बघायची नाही, आधी हातपाय हलवायचे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडतो. सोडली की बरं वाटायचं निमित्तही जातं, मग तो आणखी सोडतो. हा फेरा कुठंतरी तोडावा लागतो. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे आले. तीन महिन्यांनी, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के सावरले होते, भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के.

अर्थात नुसत्या वांग्यांवर मी बरा झालो नाही. मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांकडे तूच नेलंस, बाहेर बाकड्यावर बसून राहिलास आणि गल्लीत सांगितलंस, "याची कंबर धरलीय." गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. तेवढे दिवस मला धरून ठेवायचं काम तुझं होतं, ते कुठल्या गोळीनं झालं नसतं.

वहिनींची आठवण येणारच, यावी. त्यावर औषध शोधायला मी सांगत नाही. पण झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव नाही, असं पंधरा दिवसांच्या पुढं चालतं तेव्हा डॉक्टरला दाखवायचं, हा नियम तूच मला लावला होतास. रात्री फार जड झालं तर 14416 वर फोन कर, सरकारचं टेलि-मानस आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि मला उठवायला कशाला लाजतोस? ग्रुपवर सकाळी सकाळी फुलं पाठवतोस, त्यापेक्षा ते बरं.

शनिवारी कोयनेनं येतोय. सोमवारी सकाळी दोघं डॉक्टरकडे जाऊ, नाव मी काढून ठेवलंय. रविवारी मार्केट यार्डात चल, मला पुण्यातलं काही कळत नाही. सूनबाईला सांग, भडंग आणतोय, तिखट हवं की मध्यम ते कळव.

तुझा,
पक्या